दोन चालींची वाटणी

मी, जयवंत सखाराम भंडारे, वय वर्षे बासष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी खाणीच्या वर्कशॉपात फिटर आणि आता निवृत्त, मूळचा गडहिंग्लजकडचा पण गेली बत्तीस वर्षे राहणार डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. धाकटी मुलगी दीपा दोनदा येऊन "बाबा, पुरे आता, जेवून घ्या" म्हणाली, ते कायद्यात दडपण धरत नाहीत असे मी समजतो. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि "अजून चालेल" म्हणाले. मी जन्मभर जुन्या यंत्रांबद्दल हेच उत्तर साहेबांना दिले आहे, त्यामुळे मला त्याचा अर्थ कळतो. म्हणून कागद घेऊन बसलो.

घर, हत्यारे वगैरे रीतसर लिहीनच. पण खरे सांगायचे तर माझा जीव त्यात अडकलेला नाही. माझा जीव दोन गोष्टींत अडकला आहे. माझ्या नातवंडांनी घरात स्तुतिगीते कोणत्या चालीवर म्हणायची, ही एक. आणि शेजारी सगुण शिंपी याच्याशी माझा बारा वर्षांचा अबोला आहे, तो मी असेपर्यंत सुटतो की नाही, ही दुसरी. पुढे वाचल्यावर कळेल की ही एकच गोष्ट आहे.

कलम पहिले. कायद्याबद्दल. माझी समजूत होती की मृत्युपत्र म्हणजे आपले आपण राजे, वाटेल त्याला द्यावे, वाटेल त्याला वगळावे. डिचोलीच्या कचेरीतल्या लेखनिकाने मला खाली बसवून सांगितले की गोव्यात पोर्तुगीज काळापासून अर्धी मिळकत मुलांची ठरलेलीच असते, बापाने कितीही डोळे वटारले तरी ती जात नाही. मी म्हटले, मी घाटावरचा. तो म्हणाला, "तुम्ही घाटावरचे असाल, घर घाटावर नाही." मुलगा अभिजीत याला एक छदाम देणार नाही असे मी आदल्या दिवशी तावातावाने लिहिले होते, ते पान फाडले. फाडताना बरेच वाटले. राग त्याने नवी गाडी घेतली आणि मला विचारले नाही, एवढाच होता.

कलम दुसरे. राहते कौलारू घर. कायद्याचा अर्धा वाटा रोहिणी, अभिजीत आणि दीपा या तिन्ही मुलांना सारखा. माझ्या मर्जीचा अर्धा दीपाला, कारण ती माझ्यापाशी राहते, माझे पथ्य सांभाळते आणि माझी भाषणे ऐकते. एक अट आहे. पुढच्या खोलीत भिंत घालून दुकान काढू नये. रविवारी संध्याकाळी ती खोली मुलांच्या गाण्यासाठी मोकळी असावी, मुले कोणाचीही असोत.

कलम तिसरे. हत्यारे. पान्यांचा पूर्ण संच, व्हाइस आणि हातकरवती सगुणचा मुलगा गौरेश याला. त्याचे गॅरेज आहे. अभिजीत बँकेत आहे, त्याला बल्ब बदलायला माणूस लागतो. चौदा नंबरचा पाना मात्र घरातच ठेवावा. त्याच पान्याने जर्मनच्या ताटलीवर ठेका धरून मी तिन्ही मुलांना गाणी शिकवली. ताटलीला मधोमध खळगा पडला आहे, तीही ठेवावी.

कलम चौथे. पोस्टातले पुस्तक तिघांत सारखे. स्कूटर अभिजीतला, म्हणजे नवी गाडी बंद पडेल तेव्हा उपयोगी येईल. अभिजीत आंघोळ करताना जी गीते म्हणतो ती त्याने कधीतरी कपडे घालूनही म्हणावीत, अशी माझी सूचना आहे.

कलम पाचवे. गीतांचे पुस्तक. हे मोठ्या मुलीला, रोहिणीला. ती बेळगावी असते, तिथे चांगले प्रार्थनामंदिर आहे. या पुस्तकाची हकीकत लिहून ठेवतो, नाहीतर मुले ते रद्दीत घालतील.

पुस्तक माझी बायको रत्ना हिचे. लग्नात तिच्या बापाने दिले. रत्नाचा आवाज असा की आमच्या खाणीच्या चाळीत ती पीठ मळताना गायला लागली की शेजारणी आपापली भांडी हळू ठेवत. मी स्वतः पूर्ण बेसूर माणूस आहे. गडहिंग्लजला लहानपणी मला गायकगटातून काढले आणि घंटा वाजवायला दिली. दोन सुरांत कोणता वरचा आणि कोणता खालचा हे मला आजही सांगता येत नाही. इंजिनाचा आवाज बिघडला तर शंभर पावलांवरून ओळखतो, गाण्याचा नाही. हा माझा दोष इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे झाले.

एकोणसत्तर साली हे घर घेतले. शेजारी सगुण, त्याची बायको पद्मावती. सगुण बाजारात शिलाईचे दुकान चालवी आणि उरलेले काम घरी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, मशीन ठेवून करी. देवळातल्या भजनात पेटी त्याचीच. पहिल्याच आठवड्यात पद्मावती म्हणाली होती, "तुमी कसले किरिस्तांव गो रत्नाबाय? तुमच्यांत सायबीण ना, फेस्त ना, आनी गायतात मराठींत!" सायबीण म्हणजे मेरीमाता, फेस्त म्हणजे चर्चचा सण; आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात दोन्ही नाहीत. बाजारातल्या खऱ्या, म्हणजे कॅथलिक, किरिस्तांवांनाही आमच्याबद्दल हीच शंका होती. रत्ना हसली आणि तिला एक गीत म्हणून दाखवले. तेव्हापासून दोघींचे जमले.

चौऱ्याहत्तर साली कावीळ होऊन रत्ना गेली. रोहिणी आठ वर्षांची, अभिजीत सहा, दीपा तीन. आमच्या घरात दिवेलागणीला पाय धुऊन चटईवर बसायचे आणि तीन गीते म्हणायची, हा रत्नाचा नेम होता. ती गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मुले चटईवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पुस्तक उघडले. कोणते गीत कोणत्या चालीवर ते प्रत्येक गीताच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. त्या पावसाळ्यात कपड्यांच्या लाकडी पेटाऱ्यात वाळवी लागली होती आणि पुस्तकाची वरची दोन बोटे तिने सबंध खाल्ली होती. शब्द सगळे शाबूत, चाल एकाही गीताला नाही. असती तरी मला काय कळली असती म्हणा. मी शब्द वाचून दाखवले. मुलांनी शाळेतल्या पाढ्यांसारखे मागून म्हटले. अभिजीतने विचारले, "बाबा, हे गाणं आहे की परीक्षा?"

आठवडाभराने मी पुस्तक घेऊन सगुणकडे गेलो. म्हटले, मला दुसरी पाळी आहे, तू मुलांना बसव आणि या गीतांना चाल दे. त्याने पुस्तक ठेवून घेतले. दोन दिवसांनी माझ्यासमोर गळ्यातला टेप काढला, ओळीवर ठेवला आणि बोटाने एकेक अक्षर मोजत गेला. "स्तुती करू या भल्या पहाटे, ज्याने दिले हे दिवस गोमटे." दोनदा मोजून म्हणाला, "जयवंता, उतरां मापाचीं आसात मरे! म्हजे पेटयेर बसतलीं." उतरां म्हणजे शब्द. त्याची रीतच ती. आधी माप, मग कापड. कोणत्या भजनाच्या चालीत कोणते गीत बसते ते तो असे टेपवर काढी.

मग दहा वर्षे माझ्या घरात स्तुतिगीते झाली ती अशी. पेटी सगुणची, पुढे मी सावंतवाडीहून जुनी एक घेतली ती. ठेका माझा, ताटलीवर. शब्दांचा अर्थ सांगण्याचे काम माझे. "कृपा म्हणजे काय बाबा?" असे दीपाने विचारले तेव्हा मी म्हटले, फोरमनने उशिराची खूण पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले, ती कृपा. रविवारी वाड्यावरची पाचसहा हिंदू मुलेही येत, त्यांना पद्मावती गूळखोबरे वाटत असे. सगुण शेवटच्या ओळीला लय वाढवून गजर करी, मुले टाळ्या वाजवीत, आणि मी ताटली बडवी. ते दिवस फार सुखाचे होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला गडहिंग्लजला गेलो. मंदिरात पाळकसाहेब म्हणाले, गोव्याच्या मुलांनी एक गीत म्हणावे. माझी तिन्ही मुले ऐटीत उभी राहिली आणि "स्तुती करू या" सुरू केले. पेटीवाला आणि सगळी मंडळी त्यांच्या चालीने निघाली, माझी मुले सगुणच्या चालीने. दोन ओळींत सगळे थांबले, मुले थांबली नाहीत. त्यांनी गजरही केला. लोक हसून हसून बाकांवर वाकले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आता आमच्या चालीने एकदा ऐका." मंडळी गायली. मला काहीच फरक कळला नाही. पण रोहिणी, अठरा वर्षांची, तोंडावर पदर धरून रडायला लागली. म्हणाली, "बाबा, ही आईची चाल आहे."

घरी परत येऊन मी जे केले त्याची मला लाज वाटते. तशीच बॅग अंगणात टाकली आणि सगुणच्या दारात जाऊन ओरडलो, "तू माझ्या घरातून रत्नाला पुसून टाकलंस!" सगुण मशीनवर होता. त्याने पाय थांबवला, माझ्याकडे पाहिले, "बरें" एवढेच म्हणाला आणि जनेल ओढून घेतले. तेव्हापासून तो आला नाही आणि मी बोलावले नाही. दहा वर्षे रोज ऐकून मला स्वतःला कळले नव्हते की ही आपल्या बायकोची चाल नव्हे. तो राग माझा माझ्यावर होता, पण स्वतःवर ओरडता येत नाही म्हणून शेजाऱ्यावर ओरडलो.

बारा वर्षांत अबोला असा पाळला की बघणाऱ्याने हसावे. भाषेच्या चळवळीत सगुण मराठीच्या बाजूने मोर्च्यात गेला, दिवसभर कोकणीत घोषणांची तयारी करून. मी जन्माचा मराठी, मला वाड्यावरची पोरे घाटी म्हणत, तर सगुणने त्यांना कोकणीतच झापले. हे मला गौरेशने सांगितले, सगुणने नाही. सत्त्याऐंशीला गोवा राज्य झाले तेव्हा दोघांनी आपापल्या अंगणात फटाके लावले. पद्मावतीने मात्र कुंपणावरून हळदीच्या पानातल्या पातोळ्या द्यायचे एकदाही चुकवले नाही. म्हणे, "तुमचें झगडें तुमकां. भुरग्यांनी कितें केलां?" भुरगी, म्हणजे माझी मुले, तिशीला आली तरी ती हेच म्हणते.

कलम सहावे. चालींबद्दल. या मे महिन्यात रोहिणी तिची दोन मुले घेऊन आली आहे. अजय नऊ वर्षांचा आणि त्याची बहीण सहाची. परवा दिवेलागणीला चटई घातली तेव्हा तिने विचारले, "बाबा, यांना कोणती चाल शिकवू? आईची की सगुणमामांची?" मी म्हटले, मृत्युपत्रात लिहितो.

तर लिहितो. घर वाटता येते, चाल वाटता येत नाही. त्यामुळे दोन्ही चाली सगळ्या नातवंडांना पूर्ण मिळाव्यात. रत्नाची चाल रोहिणीने शिकवावी, कारण डिचोलीत ती कोणालाच येत नाही. सगुणची चाल सगुणने शिकवावी. तो येणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहितो. कोणती चाल आधी आणि कोणती नंतर यावरून मुलांनी भांडू नये.

कलम सातवे. सावंतवाडीहून आणलेली पेटी सगुण धाकू मयेकर याला द्यावी आणि सोबत सांगावे की जयवंतने माफी मागितली आहे.

(कलम सातवे रद्द. रेघ मी मारली आहे. कारण पुढे.)

दुरुस्ती. वरचे लिहून लेखनिकाला दाखवले. तो म्हणाला, दोन साक्षीदार आणा, आणि ज्याला यातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. एक साक्षीदार म्हणून कृष्णनाथ गांवस मास्तर तयार होते. दुसरा कोण, असा विचार करत मी अंगणात उभा राहिलो. वाड्यावर मला सत्तावीस वर्षे ओळखणारा, मी शहाणा आहे की वेडा हे शपथेवर सांगू शकणारा माणूस एकच. पण त्याला पेटी ठेवायची तर साक्ष नाही, आणि साक्ष हवी तर पेटी नाही. आणि मेल्यावर माफी पोचवणे ही पळवाट आहे, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आले. फिटरने अर्धवट काम दुसऱ्या पाळीवर ढकलावे तसे ते होते.

कागद घेऊन मी सगुणच्या दारात गेलो. तो मशीनवर होता. मी म्हटले, "सगुण, माझं चुकलं. हे वाच आणि काय ते सांग."

त्याने चष्मा लावून सगळे वाचले. पाचव्या कलमाला हसला. सहाव्या कलमाशी थांबला, "डिचोलीत ती कोणालाच येत नाही" ही ओळ पुन्हा वाचली, आणि स्वतःची पेटी ओढून वाजवू लागला. पूर्ण गीत वाजवले. मी मान डोलावली आणि म्हटले, "छान. हीच तुझी चाल."

पद्मावती आतून आली. "न्हय रे बाबा," ती म्हणाली, "ती रत्नाबायची."

मी म्हटले, "तुला कशी येते?"

सगुणऐवजी तीच सांगू लागली. "पांच वर्सां ह्या जनेलांतल्यान आयकताले न्हय आमी? तूं दुसऱ्या पाळयेक गेल्लो, त्या पयले सांजे हांणें हीच चाल वाजयल्ली. रोहिणी रडूंक लागली. आनी तें दीपा, तीन वर्सांचें, धांवत रांदचेकुडींत गेलें, आवयक सोदूंक. दार धरून उबें रावलें. कितेंय केलें तरी भायर येना. हांणें पेटी बंद केली. घरा येवन म्हणपाक लागलो, ही चाल आतां त्या घरांत नाका, भुरगीं मरतलीं. त्या रातीं टेप घेवन बसलो नव्यो चाली सोदूंक."

तीन वर्षांची दीपा आईला शोधायला स्वयंपाकघरात धावली, आणि ही चाल त्या घरात नको म्हणून तो रात्री नव्या चाली शोधत बसला. म्हणजे माझ्यासमोर टेपने मोजणे, "उतरां मापाचीं आसात" म्हणणे, हे सगळे त्या संध्याकाळनंतरचे. रत्नाची चाल त्याला माहीतच नाही असे त्याने मला वाटू दिले. मी दारात ओरडलो तेव्हाही वाटू दिले. मी विचारले, "सांगितलं का नाहीस, सगुण?"

"तुका सांगून कितें?" तो म्हणाला. "तुका सूर खंय कळटा?" आणि पेटीचा भाता बंद करत, "तूं रडटलो आशिल्लो."

मी रडलो. बासष्ट वर्षांच्या माणसाने शिंप्याच्या घरी कापडांच्या ढिगाऱ्यावर बसून रडणे बरे दिसत नाही, पण रडलो. पद्मावतीने पाणी दिले, मग कॉफी दिली, मग दोघांनाही शिव्या दिल्या. सगुणने पेटी की साक्ष, एक निवड म्हटल्यावर क्षणभरही विचार केला नाही. "पेटी भुरग्यांक दी. हांव सय करतां."

त्याप्रमाणे पेटी आता नातवंडांच्या नावे करतो. सहाव्या कलमातले "डिचोलीत ती कोणालाच येत नाही" हे वाक्य खोटे ठरले आहे. ते खोडू नये. माझी चूक कोणत्या आकाराची होती ते मुलांना दिसावे.

काल रविवारी संध्याकाळी सगुण आमच्या घरी आला, गळ्यात टेप तसाच. चटईवर अजय, त्याची बहीण आणि वाड्यावरची चार मुले. त्याने आधी आपल्या चालीने गीत घेतले, गजरासकट. मग हात थांबवून रोहिणीकडे पाहिले आणि रत्नाची चाल धरली. दीपा स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मला भीती वाटली, मी दाराकडे बघत राहिलो. ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली, सगुणच्या शेजारी चटईवर बसली आणि पहिल्या ओळीपासून गाऊ लागली. तिला शब्द सगळे येत होते. ही चाल तिला कोणी कधी शिकवली नव्हती. मला सूर कळत नाही, तरी तो आवाज कोणाचा ते कळले. दुसरे काही मी या कागदावर मागत नाही.

शेवटचे कलम. मी गेल्यावर दोन्ही चाली म्हणाव्यात. ताटलीवर ठेका अजयने धरावा. गजर करताना कोणी पुढेमागे पाहू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, मला मान्य आहे, यापूर्वीचे फाडलेले पान मानू नये.

जयवंत सखाराम भंडारे
(सही)

साक्षीदार पहिला: कृष्णनाथ गांवस, निवृत्त प्राथमिक शिक्षक, डिचोली. मजकूर माझ्यासमोर वाचला गेला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका मी सुधारल्या, बाकी मजकूर त्यांचाच.
(सही)

साक्षीदार दुसरा: सगुण धाकू मयेकर, शिंपी, डिचोली. मला या कागदातून काहीही मिळत नाही. मृत्युपत्र करणारा माणूस पूर्ण शुद्धीवर आहे हे मी डोळ्यांनी पाहिले. सही करताना त्याने गीताची एक ओळ म्हटली, ती मी कानांनी ऐकली. तिच्याबद्दल मी साक्ष देणार नाही.
(सही)

मुक्काम डिचोली, गोवा.
सोमवार, दिनांक २७ मे १९९६.